बूजमआची रेघ

पावाचा तुकडा तेलात बुडवता बुडवता खमैसचा हात मधेच थांबला. तेल टेबलावर ठिबकलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. तो उजव्या अंगठ्याच्या नखाकडे बघत होता.

"आता काय?" मन्नूबियानं विचारलं. चाळीस वर्षं संसार केलेली बायको ती, तिला नवऱ्याचं गप्प राहणंही ऐकू यायचं.

"काही नाही."

"सकाळपासून चार वेळा उठलात. खुर्चीला खिळे आलेत का?"

खमैस पाचव्यांदा उठला. खिडकीपर्यंत गेला, परत आला. परवा शुक्रवारी अनीसच्या बंदुकीवर काम करताना हे नख एका रेघेत टचकन अडकलं होतं, आणि तो खूश होऊन थांबला होता. पण अनीसची रेघ तर बारीक, सुईनं ओढलेली. तिच्यात नख अडकेल कसं?

खमैस जंगल खात्यातला निवृत्त रखवालदार. ऐन लहमार गावच्या डोंगरात ओकच्या झाडांची, बुचं बनवायची साल चोरणाऱ्यांना पकडण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण गावात नाव झालं ते बंदुकांमुळे. डुकरांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी गावातल्या बाराही बंदुका त्याच्या टेबलावर यायच्या. तबरका बंदराच्या बाजूनं समुद्राचं धुकं चढतं आणि लोखंडाला खातं. नळी कुणीही पुसेल हो. पण नळीच्या मागच्या टोकाला पट्टीत ठोकून बसवलेला नेमाचा खाचेचा तुकडा असतो. त्या खाचेतून नळीच्या पुढच्या टोकावरची माशी, म्हणजे बारीक दाणा, बघायची आणि चाप ओढायचा. गंज नेमका त्या तुकड्याखाली बसतो. इतर लोक त्याला हात लावत नाहीत, कारण तो तुकडा जरा सरकला की नेम गेलाच म्हणून समजा. खमैस मात्र तो काढायचा. काढण्याआधी सुईनं तुकड्यावर आणि पट्टीवर मिळून नळीच्या दिशेनं एकच सरळ रेघ ओढायची, गंज खरवडायचा, पिसानं तेलाचा थेंब सोडायचा, आणि परत बसवताना रेघेला रेघ भिडवायची. एकतीस वर्षांत कुणाचा नेम हलला नाही. म्हणून गावात रीतच पडली होती. खमैसच्या हातून आलेली बंदूक कुणी गोळी झाडून तपासत नसे. तपासली तर तो त्याचा अपमान.

फक्त एका बंदुकीच्या पट्टीवर दोन रेघा होत्या. ती बंदूक बूजमआची, खमैसच्या जिवलग मित्राची. साल काढताना झाडावरून पडल्यापासून बूजमआची मान वाकडी झाली होती. वाकड्या मानेनं सरळ नेम कसा धरणार? म्हणून त्यानं खाचच तांदळाच्या दाण्याएवढी डावीकडे सरकवून घेतली आणि घाईघाईनं चाकूच्या टोकानं खोल रेघ ओढली. तो वारला, बंदूक मुलाकडे, अनीसकडे आली. अनीसची मान सरळ. त्याच्यासाठी खमैसनं खाच मधे आणून सुईची बारीक रेघ ओढली.

आणि नख अडकलं होतं ते खोल रेघेत.

"फोन लाव अनीसला," तो म्हणाला.

"डोंगरात कुठला फोन लागतोय? आणि इतक्या घाईनं काय सांगायचंय?"

त्यानं सांगितलं. मन्नूबियानं हातातला कप खाली ठेवला. ऐन लहमारात एकटी तीच जाणत होती की खमैसला दोन वर्षांपासून सुईची रेघ दिसत नाही, तो ती नखानं चाचपतो. जंदूबा शहरातल्या डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला होता. हंगाम झाला की करू ऑपरेशन, असं म्हणत दोन हंगाम गेले.

"मी म्हणत होते," ती म्हणाली.

"तू म्हणत होतीस," असं म्हणून खमैस काठी न घेताच बाहेर पडला.

चढ त्याच्या पायाखालचा होता, पण आज पाय नीट पडत नव्हते. मनात हिशेब चालू होता. चाळीस पावलांवर गोळी वीतभर डावीकडे जाणार. म्हणजे खांद्यात नाही, पोटात. पोटात गोळी बसलेलं डुक्कर पडत नाही, ते मागे उलटतं. अनीसची जागा घळीच्या तोंडाशी, आणि घळीतून कुत्री घेऊन, हाका करून डुकरं उठवत वर येतो तो सेब्ती, खमैसचा धाकटा भाऊ. साठीचा माणूस, हातात फक्त काठी. खमैस धावायला लागला. धाप लागली की चालायचा, चालणं सहन झालं नाही की पुन्हा धावायचा. भीती वाटत होती, आणि लाजही तितकीच.

कड्यावर सगळे अजून एकत्रच होते. शिकारीचा म्होरक्या सी ताहर ज्याला त्याला त्याच्या जागेवर पाठवायच्या तयारीत होता.

"या, खमैस! डुकरांनी वकील म्हणून पाठवलंय का तुम्हाला?"

सगळे हसले. खमैसनं गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतला.

"अनीस, काडतुसं काढ. तुझी खाच चुकीच्या रेघेवर बसलीय. परवा जरा घाई झाली माझी."

अनीसनं बंदूक बिजागरीवर मोडून काडतुसं काढली, नळी उजेडात धरली. पट्टीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "खमैसकाका, ही बाबांच्या रेघेवर आहे."

"बूजमआ वर गेला तरी बंदूक सोडत नाही म्हणायचा!" कुणीतरी म्हणालं.

खमैसनं कोटाच्या खिशातून पितळी ठोकणी काढली. "मी ठोकतो, तू बघ. धाप लागलीय, हात स्थिर नाही माझा." हे खोटं होतं, हात अगदी स्थिर होता. तीन हलके ठोके दिले. अनीस "बस" म्हणाला. सिगरेटचं रिकामं पाकीट चाळीस पावलांवर बुंध्याला टोचलं आणि अनीसनं गोळी झाडली.

"मधोमध!" सगळे ओरडले.

सी ताहरनं खमैसला मिठीच मारली. "बघा रे, याला म्हणतात कारागीर! एका बंदुकीसाठी म्हातारा डोंगर चढून आला. वल्ला, माझी बंदूक तर मी मरेपर्यंत तुमच्याच हातात देणार. जा आता, घरी जाऊन कॉफी प्या."

खमैस निघाला. दहा पावलं गेला असेल. नाव तर राहिलंच होतं, उलट वाढलं होतं. खाली घळीत कुत्री भुंकत होती आणि सेब्तीची शिट्टी ऐकू येत होती. बाकीच्या अकरा बंदुकांवर सुईच्या बारीक रेघाच होत्या. तिथं नख कशातच अडकलं नव्हतं. तिथं तो 'इथंच असेल' म्हणून थांबला होता.

तो वळला.

"थांबा. सगळ्यांनी आपापल्या रेघा बघा."

"का हो?"

"मला दिसत नाहीत. दोन वर्षं झाली, दिसत नाहीत. मघाशी पाकिटाला गोळी लागली, तीही तुम्ही ओरडलात म्हणून कळली."

कुणी हसलं नाही. एकेक करून बंदुका मोडल्याचे आवाज येऊ लागले. माणसं नळ्या उजेडाकडे धरून निरखत होती आणि खमैस एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. "ठीक आहे," एक म्हणाला. "माझीही." "माझीही ठीक." सी ताहर उजेडाकडे जरा सरकला. त्यानं आपली नळी दोनदा फिरवून पाहिली, काडतुसं खिशात टाकली आणि कड्यावर जाऊन तोंडाशी हात धरून ओरडला, "सेब्ती! कुत्री बांध! आज शिकार नाही!"

सेब्ती अर्ध्या तासानं वर आला, घामाघूम आणि चिडलेला. "काय तमाशा आहे? मोठं डुक्कर उठवलं होतं मी!"

सी ताहरनं त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सेब्तीनं ऐकून घेतलं, मग भावापुढे जाऊन उभा राहिला.

"मला सांगायचं होतंस ना, दादा."

"सांगितलं असतं, तर तू माझ्याकडे बंदुका येऊ दिल्या असत्यास?"

सेब्तीनं विचार केला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"नसत्या."

"मग," खमैस म्हणाला, आणि पितळी ठोकणी त्याच्या हातात ठेवली.