घोट्याभोवती दोन वेढे

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याला सगळे ‘पार्सल’ म्हणत. कारण त्याचे बूट. चारचौघांसारखी लेस बांधून मोकळं व्हावं, तर हा गडी लेसचे घोट्याभोवती दोन वेढे घेणार आणि गाठ मारणार ती पायाच्या बाहेरच्या अंगाला. बूट टपालात टाकायला बांधलेत जणू. लहानपणी आत्यानं तसं शिकवलं होतं. जन्मभर लिफ्टच्या खोल खड्ड्यात चढ-उतर करताना ती गाठ कधी सुटली नाही, म्हणून त्यानंही सवय सोडली नाही. बरोबरचे हसायचे. हसोत बापडे.

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. पार्सलनं वंशावळ काढायला घेतली. जन्माच्या नोंदी, लग्नाच्या नोंदी, शाळेचे दाखले, जुन्या मतदारयाद्या, काही म्हणून सोडलं नाही. कागदाला कागद चिकटवत तक्ता बैठकीतून निघाला तो थेट स्वयंपाकघरात पोचला.

“अहो,” बायको म्हणाली, “तुमचे पणजोबा माझ्या फ्रिजला टेकलेत. चहा टाकू का त्यांना?”

एवढ्या मोठ्या तक्त्यात एकच चौकोन रिकामा होता, धाकट्या काकाचा. काका मिसरूड फुटायच्या वयात सैन्यात गेला. लढाई संपली, बाकीचे परत आले आणि काकाच्या जागी एक पत्र आलं: जागा सोडून पळाला, ठावठिकाणा नाही. आजोबांनी भिंतीवरचा फोटो उतरवला आणि घरात पुन्हा त्याचं नाव निघालं नाही. फोटो फक्त आत्यानं आपल्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली जपला.

आत्या आता नव्वदीला टेकली होती. गुडघे गेले, दात गेले, जीभ मात्र शाबूत. तक्त्याची बातमी कानावर जाताच तिनं भाच्याला बोलावून घेतलं.

“तुझ्या त्या लांबलचक कागदावर माझा भाऊ कुठाय रे?”

“आत्या, जाऊ दे ना. जुनं झालं.”

“मी पण जुनीच झालेय. पळाला असेल तर पळाला म्हण, मी काय आता त्याला फासावर चढवणारे? पण मला कळू दे. वर गेल्यावर भेटला तर मिठी मारायची की मुस्काटात द्यायची, ते आधी ठरलेलं बरं.”

पार्सल हसला. पण अंधाऱ्या खड्ड्यात लोंबकळताना जो माणूस कधी घाबरला नाही, तो या कामाला घाबरला. काका खरंच पळालेला निघाला, तर म्हातारीला ते सांगायचं कुठल्या तोंडानं?

सैन्याच्या जुन्या कागदांचा दफ्तरखाना एका लांबट, थंडगार खोलीत होता. तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून दोन फायली टेबलावर आणून ठेवल्या.

“काका, गंमत बघा. नाव एकच, शहर एकच, भरतीचा महिनाही एकच, पण माणसं दोन. एक पळाला. दुसरा शेवटपर्यंत होता, जखमींची स्ट्रेचर उचलायचा. लढाई संपता संपता इस्पितळात तापानं गेला. वडिलांची नावं म्हणाल, तर पाणी लागून दोन्हीकडे पुसलीत. तुमचा कुठला?”

“आमच्याकडे पळाल्याचं पत्र आलं होतं.”

“पत्राचं काय घेऊन बसलात! एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात पडायला कितीसा वेळ लागतो?”

पळालेल्याच्या फायलीत दोनच पानं होती आणि त्यांतून हाती काही लागलं नाही. पार्सलनं दुसरी उघडली. त्यात शिक्षांचं पान होतं. वाचता वाचता तो थबकला. मग वाकून टेबलाखाली बघितलं, पुन्हा पान बघितलं आणि सरळ उठून डावा पाय खुर्चीवर ठेवला.

“अहो काका, पाय खाली घ्या!”

“मॅडम, आधी हे वाचा आणि मग हा बूट बघा.”

बाईंनी वाचलं, बूट बघितला, पुन्हा वाचलं. “अगं बाई!” म्हणून त्या खालीच बसल्या.

त्या पानाची नक्कल घेऊन पार्सल तडक आत्याकडे गेला आणि पलंगाच्या कडेला बसून मोठ्यानं वाचू लागला.

“‘बुटाची लेस नियमाप्रमाणे न बांधता घोट्याभोवती दोन वेढे देऊन गाठ बाहेरच्या बाजूस बांधली. समज दिली.’”

आत्याचा हात तोंडावर गेला.

“‘पुन्हा तोच अपराध. जादा पहारा.’”

“मेला हट्टी,” आत्या पुटपुटली.

“‘पुन्हा तोच अपराध. कारण विचारता सांगतो की, थोरल्या भावाचे जुने बूट पायाला मोठे होत, म्हणून बहिणीने अशी बांधायला शिकवली. ती सुटत नाही.’”

शेवटचा शेरा साहेबाच्या सहीचा होता.

“‘काल चिखलात अनेकांचे बूट रुतले व स्ट्रेचर खाली आले. याचे बूट पायातच राहिले. यापुढे स्ट्रेचर वाहणाऱ्या सर्वांनी लेस अशीच बांधावी. याने सर्वांना शिकवावे.’”

आत्या रडली. पदरानं डोळे पुसले, पुन्हा रडली, आणि रडता रडताच तिला हसू फुटलं.

“म्हणजे एवढे सगळे जवान माझ्यासारखी लेस बांधत होते?”

“सगळे.”

“आणि मला मेलं कुणी कळवलंसुद्धा नाही!”

मग काका तापानं गेल्याचं त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली. मग ट्रंकेची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. फोटो निघाला. पार्सलनं भिंतीत खिळा ठोकला, तर आत्या म्हणे फार वर झाला, मला हात लावता आला पाहिजे. दुसरा ठोकला.

“काय मग आत्या, ठरलं का?”

“ठरलं. मिठी.” तिनं पदरानं काच पुसली. “पण आधी एक मुस्काटात. ताप आलाय ते बहिणीला कळवायला नको?”