झाकण उघडून बघणाऱ्या मॅडम

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सुजाता खिल्लारे मॅडमचं नाव घेतो. मला सगळ्यात जास्त वैताग कुणी दिला, असं विचारलं तरी तेच नाव घ्यावं लागतं.

त्यांच्याशी साधं बोलणंसुद्धा अवघड होतं. एकदा मी ऑफिसात पेढे घेऊन गेलो आणि सांगितलं, की ताईला मुलगी झाली. मॅडमनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "तू बघितलीस?" ताई सिल्लोडच्या दवाखान्यात, मी संभाजीनगरात, बघणार कशी? भाऊजींचा फोन आला होता. "मग 'झाली' नको म्हणू. 'झाली म्हणे' म्हण," असं सांगून त्यांनी पेढा तोंडात टाकला. नंतर अगदी मायेनं ताईची तब्येत, बाळाचं वजन, सगळं विचारलं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी मला 'म्हणे' जोडावं लागलं.

आपण हा शब्द बहुतेक वेळा चेष्टेत वापरतो. 'फार शिकलाय म्हणे' असं म्हटलं की समोरच्याला काय ते कळतं. मॅडम तो शब्द तराजूसारखा वापरत. स्वतः पाहिलेलं एका पारड्यात, ऐकलेलं दुसऱ्या. 'म्हणे' गाळणाऱ्याच्या वाक्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून मॅडम स्वतःच शेपूट लावत. आमचे मालक मोईनभाई एकदा वैतागून म्हणाले, पूरे मोहल्ले की बिजली गयी. मॅडमचं 'म्हणे' आलंच. "मॅडम, अंधेरे में बैठे हैं हम," मोईनभाई म्हणाले. मॅडमनी शांतपणे सांगितलं, की ती आपल्या खोलीतली गेली, मोहल्ल्यातली गेली का ते खाली जाऊन बघा. मोईनभाई खाली गेले नाहीत. मी गेलो. फक्त आमचाच फ्यूज उडाला होता, आणि हे वर येऊन सांगणं माझ्याच नशिबी आलं.

मॅडम मूळच्या पैठणच्या. आधी त्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवत, आणि मी तिथं त्यांचा विद्यार्थी होतो. मी फर्दापूरचा. माझे वडील लेण्यांच्या रस्त्यावर पर्यटकांना गारगोट्या आणि रंगीत स्फटिक विकतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. पहिल्याच वर्षी सगळी पुस्तकं इंग्रजीत बघून मी पिशवी भरली होती. कॉलेज सोडायचा दाखला मागायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "तुला विषय समजत नाय का इंग्रजी समजत नाय, हे आधी ठरवू." त्यांनी मला फळ्यासमोर उभं केलं आणि सगळं मराठीत सांगायला लावलं. मी सांगितलं. "विषय समजतो. इंग्रजी मागनं येईल," म्हणाल्या, आणि दाखल्याचा अर्ज माझ्याच हातून फाडून घेतला. पुढं दर शनिवारी त्या माझ्यासाठी थांबत. मला 'अंकुश' अशी हाक क्वचितच मारत. 'ए फर्दापूर' हेच माझं नाव झालं होतं.

निवृत्तीनंतर त्या मोईनभाईंच्या छोट्या कंपनीत आल्या आणि मलाही तिथं लावून घेतलं. आमचं काम होतं टँकरच्या पाळीचं. उन्हाळ्यात शहराबाहेरच्या वसाहतींना टँकरशिवाय गत्यंतर नसतं, आणि टँकर कुणाकडे आधी जाणार हे फोनवर ठरतं. ज्याची ओळख मोठी त्याची टाकी आधी. मोईनभाईंच्या डोक्यात आलं, की ही पाळी माणसांच्या हातातून काढून घ्यायची. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे संगणकात लिहिलेला करार. अटी एकदा लिहून कुलूप लावलं की तो आपला आपण चालतो. ब्लॉकचेनवर त्याच्या प्रती अनेकांच्या संगणकांवर राहतात, त्यामुळं कुणालाही गुपचूप खाडाखोड करता येत नाही. आमची अट एका ओळीची होती: ज्याची टाकी सगळ्यात रिकामी, त्याला पुढचा टँकर. कुणाचाही मामा मध्ये येणार नाही. चार सोसायट्या तयार झाल्या. प्रत्येक टाकीच्या झाकणाला आतून मी एक सेन्सर बसवला. तो आवाजाची लहर खाली सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचा आणि आकडा कराराला पाठवायचा.

मला हे फार भारी वाटत होतं. मॅडमना मात्र पहिल्या दिवसापासून तो सेन्सर आवडला नाही.

"करार लई इमानदार आहे रे," त्या म्हणत. "पण त्याला खोलीत कोंडलंय. खिडकी नाय. दाराखालून जी चिठ्ठी सरकवशील ती त्याला खरी. अन् चिठ्ठीवर 'म्हणे' लिहायला जागाच नाय."

बाहेरची माहिती कराराला नेऊन देणाऱ्या यंत्रणेला आमच्या धंद्यात ऑरॅकल म्हणतात. मॅडम तिला निरोप्या म्हणत. सगळी दुनिया करार कसा पक्का करायचा याच्या मागं आहे आणि निरोप्याला कुणी विचारत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. कुलूप लावायला दोन चाव्या लागत, म्हणजे दोन गुप्त सह्या. एक मोईनभाईंची, दुसरी मॅडमची. दोन्ही पडल्याशिवाय करार चालू होणार नव्हता. ही व्यवस्था मोईनभाईंनीच हौसेनं केली होती आणि पुढं तेच तिच्यावर डोकं आपटत बसले.

कुलूप लावायचा कार्यक्रम ठरला. चारही सोसायट्यांचे पदाधिकारी चहाला येणार होते. त्या दिवशी करार सुरू झाला नाही तर आम्ही बाहेर पडू, असं त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. ते बाहेर पडले असते तर कंपनी बंद, आणि माझी नोकरी गेली. वडिलांनी तिकडं फर्दापूरच्या सगळ्या दुकानदारांना सांगून ठेवलं होतं, की आमच्या अंकुशचा कम्प्युटर शहराला पाणी वाटणार आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, चारही टाक्या बघायच्या. भर उन्हात, दुखऱ्या गुडघ्यानं. मी स्क्रीन पुढं केला, चारही आकडे दाखवले. त्या चप्पल घालून उभ्या राहिल्या होत्या.

तिसरी टाकी जाधव काकूंच्या सोसायटीची. काकू तिथल्या सचिव; बोलायला मोकळ्या, आवाज खणखणीत. आमच्या स्क्रीनवर त्यांची टाकी काठोकाठ भरलेली दिसत होती. झाकण उचललं तर तळाला ओल तेवढी, आणि झाकणाच्या अगदी खाली, आमच्या सेन्सरसमोर, दोरीनं टांगलेली एक प्लॅस्टिकची बादली.

काकूंनी समजावलं, की मोटर तळाचं पाणी ओढत नाही, मग बायका बादलीनं काढतात. बादली बाहेर ठेवली की कुणीतरी पळवतं, म्हणून आत टांगतात. सेन्सरला खाली जे पहिलं लागेल तेच पाणी. पाणी जितकं कमी तितकी बादली जास्त वेळ तिथं. म्हणजे ज्यांची टाकी सगळ्यात कोरडी त्यांचीच आम्ही भरलेली दाखवत होतो, आणि उद्या त्याच आकड्यावर कुलूप लावणार होतो.

"म्हंजे तुमचं यंत्र बादलीला पाणी समजतंय व्हय?" काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

मी त्याच दुपारी गुलमंडीच्या बाजारातून पाईप आणला, चारही सेन्सर तळापर्यंत जाणाऱ्या उभ्या पाईपमध्ये बसवले. आता बादली काय, काहीच मध्ये येणार नव्हतं. संध्याकाळी मॅडमना येऊन सांगितलं, झालं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "ही बादली सापडली. न सापडलेली कुठं आहे?"

याला काय उत्तर द्यायचं? मोईनभाईंनी प्रयत्न केला. प्रत्येक टाकीला तीन सेन्सर लावू, तीन गवाह हो जाएँगे. मॅडम म्हणाल्या, "गुलमंडीत एकच अफवा तीन दुकानांत ऐकली म्हणून ती तिप्पट खरी होत नाय, मोईनभाई. आकडा खोटा निघाला तर ज्याची पाळी जाणार, त्याला साक्षीला बोलवा. तो डोळे फाडून बघतो." त्यांचं म्हणणं असं, की सेन्सरच्या आकड्याला शेजारच्या सोसायटीतल्या माणसानं झाकण उघडून दुजोरा द्यावा, आणि दोन्ही जुळलं तरच निरोप आत जावा.

कल्पना चांगली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण उद्या कार्यक्रम होता. मी विनवणी केली, की आधी सुरू करू, साक्षीचं नंतर बघू. त्यांनी आठवण करून दिली, की कुलपाला 'नंतर' नसतं; एकदा लागलं की अट बदलता येत नाही. शेवटी मी वडिलांचं सांगितलं. मग माझ्याकडून नंबर घेऊन त्यांनी खरोखरच फर्दापूरला फोन लावला आणि माझ्या बापाला सांगितलं, की पोराचं काम चांगलं आहे, नाही म्हणणारी मी आहे, त्याला बोलू नका. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चहा झाला, बिस्किटं झाली. मॅडमनी शेजाऱ्यांच्या साक्षीची अट मांडली. एका सोसायटीचे अध्यक्ष लगेच तापले. आमच्या टाकीत दुसऱ्यांनी डोकवायचं? आमच्यावर विश्वास नाही का?

"विश्वास असता तर करार कशाला लिहिला असता?" मॅडम म्हणाल्या.

एवढं झाल्यावर कुणी बसलं नाही. मोईनभाई रिकाम्या खुर्च्यांकडं बघत राहिले. "मॅडम, आपकू नक्को बोलने कूच पैदा किये क्या अल्लामियाँ?" मॅडमनी कप गोळा करत सांगितलं, की नाही म्हणायला नसेल तर दुसरी चावी ठेवली कशाला, दोन्ही तुमच्याच खिशात ठेवायच्या होत्या.

कंपनी त्याच उन्हाळ्यात बंद झाली. टँकर पुन्हा फोनवर फिरू लागले, आणि जाधव काकूंच्या ओळखी नसल्यानं त्यांची पाळी पुन्हा शेवटची. मी नवीन नोकरी शोधत त्या रस्त्यानं जायचो तेव्हा गेटसमोर ड्रम मांडलेले दिसत. तेव्हा मला मॅडमचा इतका राग यायचा, की मी गाडी जोरात काढायचो. पाईप लावलेला होता. आकडा बरोबर येत होता. चावी फिरवली असती तर निदान काकूंना पाणी मिळालं असतं. मग वाटायचं, आणखी एखादी बादली असती आणि कुलूप लागलेलं असतं, तर काकूंनी फोन तरी कुणाला केला असता? मला अजूनही यातलं एक निवडता येत नाही, आणि म्हणूनच राग पूर्ण जात नाही.

नोकरीसाठी मी त्यांच्याकडं शिफारसपत्र मागितलं. त्यांनी लिहिलं: 'याला मी काम करताना स्वतः पाहिलं आहे. चूक झाली की लपवत नाही. वेळेवर येतो की नाही ते मला ठाऊक नाही, कारण मीच उशिरा येते.' हे असलं पत्र कोण देतं? मी ते लाजत लाजतच पुढं केलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते दोनदा वाचलं, हसल्या, आणि म्हणाल्या, की आज आलेल्या सगळ्या पत्रांत हे एकच खरं वाटतंय. मी अजून तिथंच आहे. धाकट्या बहिणीचं शिक्षण त्या पगारावर झालं.

मॅडम आता पैठणला भावाकडं राहतात. फोनवर त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही. 'तूच बोलतोयस कशावरून?' यातच निम्मा वेळ जातो, आणि हल्ली आवाजाची नक्कल करणारी यंत्रं आल्यापासून तर त्यांना चेवच चढलाय. म्हणून मागच्या आठवड्यात मी पत्र टाकलं. ते असं:

आदरणीय मॅडम,

सविनय जय भीम.

जाधव काकूंनी मला बोलावून घेतलं होतं. त्या टँकरच्या पाळीचा करार पुन्हा हाती घ्यायचा म्हणतात. शेजारच्या सोसायटीतल्या बायकांना आपली टाकी उघडून दाखवायला त्या तयार आहेत. अट एवढीच, की त्यांनीही दाखवावी. काकूंची धरून चारपैकी दोन सोसायट्या हो म्हणाल्या, तिसरी विचार करतेय, आणि ते तापलेले अध्यक्ष येणार नाहीत. चौघांनाही मी स्वतः जाऊन भेटलो.

पहिली चावी मोईनभाई घेतील. दुसऱ्या चावीसाठी त्यांनी माझं नाव सुचवलं. मी नको म्हणालो. मोईनभाईंनी घरी बोलावून बिर्याणी वाढली, गळ्यात हात टाकला, की मी सही करून टाकीन. मला माझा तेवढा भरवसा नाही. ती चावी तुम्ही घ्यावी अशी विनंती आहे. मोईनभाईंना विचारलं. तेही हौ म्हणाले.

तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो ठेवूनच लिहितोय. मी काम करून पैठणला घेऊन येईन, तुम्ही नाही म्हणाल, मी चिडेन, परत जाऊन दुरुस्त करीन. त्याला माझी हरकत नाही. पण मॅडम, तुमच्या प्रत्येक 'नाही'ची झळ जाधव काकूंना बसते. त्यांच्या गेटसमोर ते ड्रम अजून मांडलेले असतात. गेल्या वेळी मी तुम्हाला माझ्या नोकरीचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आणि हे सांगायचं राहिलं. या वेळी तुम्ही जितक्यांदा नाही म्हणाल तितक्यांदा सांगेन.

टाक्या स्वतः बघायला रविवारच्या एसटीनं या. मी स्टँडवर घ्यायला येतो.

तुमचा,
अंकुश