नव्या कॉम्प्युटरमधली धूळ

मामीचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात घरीच काम करत होते. "नाना गेले गं..." एवढंच ती बोलली. जळगावच्या एसटीत बसले तरी मला ते पटत नव्हतं. सांगितलेलं लगेच खरं मानायचं नाही, ही सवय मला माझ्या या मामांनीच लावलेली.

नाना गणिताचे निवृत्त शिक्षक, जळगावातल्या पिंप्राळ्यात राहायचे. स्वतःचा कॉम्प्युटर त्यांनी एकेक भाग पारखून, स्वतः जोडला होता. मी मात्र लग्नपत्रिकांच्या डिझाइनसाठी दुकानातून तयार, सीलबंद आणला. नाना बघायला आले ते खिशात स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच.

"नाना, वॉरंटी जाईल!"

"बंद डबामा काय शे, तुले काय माहीत?"

बंद डब्यात काय आहे ते मला माहीत नव्हतंच, तरी मी चिडले. त्यांनी शांतपणे झाकण काढलं. आतल्या पंख्यावर धूळ होती... नव्याकोऱ्या कॉम्प्युटरमध्ये! हार्डडिस्क तर उघड उघड वापरलेली. पुसलेलं परत आणणारं काहीतरी सॉफ्टवेअर त्यांनी त्यावर चालवलं, आणि पडद्यावर फोटोंमधून एक अनोळखी म्हातारी आली. गच्चीवर पापड वाळत घालणारी, नातवाला भरवणारी.

दुकानदार म्हणाला, "डिस्क द्या, नवी बसवतो." नवी नानांनी बसवून घेतली, जुनी मात्र दिली नाही. ती चोरीची असेल, हा त्यांचा संशय. एका फोटोत घरामागे भडगावच्या किराणा दुकानाची पाटी दिसत होती. तेवढ्यावरून आम्ही दोघं भडगावला गेलो.

फोटोंचं सांगताच दार उघडणाऱ्या माणसानं आम्हाला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "आमच्या घरचे फोटो तुमच्याकडे कसे?" त्याचा संशय बघून नाना खूश झाले. माझ्या कानाशी म्हणाले, "माणूस कामाचा आहे." मग त्यांनी मोबाइलवर ती म्हातारी दाखवली. तो माणूस उंबऱ्यावरच बसला. बंद पडलेला कॉम्प्युटर त्यानं भंगारात दिला होता. आईचे फोटो त्याच्याबरोबरच गेले, असं तो धरून चालला होता. चोरी नव्हतीच. परतताना नाना म्हणाले, "इथे चुकलो गं... बरं झालं."

गेल्या आठवड्यात मी पिंप्राळ्याला गेले. नानांच्या कॉम्प्युटरला एका बाजूचं झाकण नाही. ते कधी लावलेलंच नव्हतं. मामी रोज संध्याकाळी तो सुरू करते, पंखा फिरतोय ना ते वाकून बघते आणि बंद करते.