लोबोसाहेबांचं घरातलं वाजवणं

लोबोसाहेब वाजवायला बसले की आधी ऐकणाऱ्यांना घराबाहेर काढायचे. शेजारचे एक काका एकदा हौसेने खुर्ची घेऊन आले, तर त्यांच्या हातात पिशवी देऊन पाव आणायला धाडलं. "हे ऐकायला नाही रे, वाजवायला लिहिलंय. वाजवणार असशील तर बस."

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पो चालवायचो. साहेब रिटायर होऊन मुंबईहून नवीन पनवेलला आले, तेव्हा सामान मीच आणलं. कपाट मागे दोरीने बांधलेलं, व्हायोलिन मात्र साहेबांच्या मांडीवर. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी वर उचलायचे नि स्वतःचं डोकं टपाला आपटून घ्यायचे. वाटेत मी बोललो, "साहेब, मी पण कलाकार हाय. गव्हाणच्या भजनात पेटी वाजवतो." शाळेत दुसरीतच बसून राहिलो, पण फुशारकीत कधी नापास झालो नाय.

तिथेच फसलो. साहेबांकडे इंग्लंडचं साडेतीनशे वर्षांपूर्वीचं संगीत होतं. एक व्हायोलिन, एक चेलो, म्हंजे व्हायोलिनचा पोट सुटलेला थोरला भाऊ, आणि एक छोटा ऑर्गन. ऑर्गनच्या जागी माझी पेटी. चेलोवर त्यांचे जुने दोस्त पिंटोसाहेब. दोघांनी जन्मभर सिनेमावाल्यांसाठी वाजवलं, पण हे आख्खं वाजवायचं राहून गेलेलं. नाताळ झाला की पिंटोसाहेब कायमचे मुलीकडे ऑस्ट्रेलियाला चालले होते. त्याआधी एकदा, न अडखळता, शेवटापर्यंत. एवढीच साहेबांची इच्छा.

मला नोटेशन वाचता येत नाय. साहेब गुणगुणायचे, मी बोटांत बसवायचो. सुरुवात सोपी. व्हायोलिन काहीतरी बोलतं, चेलो तेच मागून बोलतो, भजनात पुढचा म्हणतो नि मागचे ओढतात तसं. मग नाचाची चाल. ती संपली की तिघांनी गप्प थांबायचं, आणि मग चेलोने हळूच शेवट सुरू करायचा. तिथे माझी गाडी पलटी! भजनात बुवा श्वासाला थांबला की पेटीने जागा भरायची, नायतर बुवा डोळे वटारतो. माझी बोटं आपोआप धावायची.

"काशी!" साहेब माझ्यावर ओरडले. "काय केलंस?"

"जागा भरली, साहेब."

"कोणी सांगितलं?"

"रिकामी होती."

पिंटोसाहेब बोलले, "लोबो, याला टेम्पोत पण रिकामी जागा बघवत नसणार."

साहेब चिडले नाय. "घाई कसली? साडेतीनशे वर्षं थांबलंय ते." मग सांगायला लागले, तिकडे तेव्हा लढाई झाली, राजाचं मुंडकं उडवलं, चर्चमधले ऑर्गन काढून टाकले, तरी लोक घरी जमून हेच वाजवत बसायचे. मी बोललो, "आमच्याकडे नुसता सरपंच पडला तरी भजन बंद होतं."

शेवटचा रविवार आला. नाच संपला. मी भाता सोडला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावरच बसलो. शांत. आता पिंटोसाहेबांची पाळी. ते सुरूच करेनात. गज तारेवर ठेवून साहेबांकडे बघत बसलेले. माझ्या बोटांना मुंग्या आल्या. साहेबांनी घाई नाय केली, नुसती मान हलवली. मग चेलो लागला, आणि आमी शेवटापर्यंत गेलो. टाळ्या नायत, वाजवायला होतंच कोण? "बरं, लोबो," एवढंच बोलून पिंटोसाहेबांनी चेलो पिशवीत घातला.

ते गेल्यावरच्या रविवारी मी नुसता चहा प्यायला गेलो. साहेब व्हायोलिन लावूनच बसलेले. मी पेटी ओढली. नाच संपला, थांबलो, चेलोची वेळ आली. माझे हात मांडीखाली.

"भर की रे."

"ती पिंटोसाहेबांची जागा हाय."

"तो तिकडे नातवंडं खेळवतोय. भर."

मी चाचपडत चेलोचं सगळं पेटीवर वाजवलं. साहेबांनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

"पिंटोपेक्षा वाईट," बोलले. "परत."