वजनाचा रकाना

आमची थोरली एका मोठ्या इस्पितळाच्या संगणक खात्यात आहे. काम काय, तर पडद्यावरच्या प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून ठेवायचा आणि सांभाळायचा. अर्थ बदलला की नवी आवृत्ती निघते. आधी मसुदा, मग मंजूर, मग लागू. तेव्हा जुनी निवृत्त. तिचे बाबा म्हणतात, "मीही निवृत्त झालो, पण भाजी आणायला अजून लागू आहे."

मध्यंतरी बालविभागाची तक्रार आली. 'वजन' या एकाच रकान्यात कुणी परिचारिका जन्माचं वजन भरते, कुणी आजचं. थोरलीने त्या रकान्याचे दोन केले. पण जुन्या नोंदींचं काय? कुठला आकडा कशाचा, हे भरणारीलाच ठाऊक, आणि त्यातल्या कित्येकजणी कधीच नोकरी सोडून गेलेल्या. म्हणून जुन्या आकड्यांपुढे 'अर्थ अनिश्चित' असं लिहून तिने आवृत्ती मसुद्यातच ठेवली.

तिच्या साहेबांना ते पटेना. अहवालात निम्मे रकाने रिकामे दिसतील म्हणाले. सगळे आकडे आजच्या वजनात टाक आणि लागू कर. ती नाही म्हणाली. घरी आली ती नुसता घास चिवडत बसली. मी आपलं म्हटलं, साहेब सांगतायत तर करून मोकळी हो, उगाच कशाला डोळ्यांवर येतेस?

"आई, दोन वर्षांच्या तापलेल्या पोराला जन्माच्या वजनावर मोजलेलं औषध पुरेल का?"

मी तिचं गार झालेलं ताट गरम करायला उचललं.

आज दुपारी तिचा फोन आला. ती जेवायला गेली असताना साहेबांनीच आवृत्ती लागू करून टाकली होती, त्यांना हवी तशी. मसुदा हिने उघडलेला, त्यामुळे खाली बदल करणारी म्हणून हिचंच नाव.

"मग काढ ना ते नाव."

"लागू झालेल्या आवृत्तीला कुणालाच हात लावता येत नाही. तो नियम मीच घातलाय."

सुधारायचं तर पुन्हा नवी आवृत्ती, आणि तिला मंजुरी साहेबांचीच. तोवर ती एकेका विभागाला फोन करून सांगतेय, औषधाआधी मूल पुन्हा काट्यावर ठेवा म्हणून. कुणी ऐकतं, कुणी साहेबांचं लेखी मागतं.

अजून घरी आलेली नाही. मी फोन लावतेय तर सारखा व्यस्त. बोलत असेल कुणाशीतरी.