भोसरीवॉशर या नावाची किंमत

पहाटे पावणेपाचला बुद्धरत्नचा दिवस सुरू व्हायचा. दिघीतल्या खोलीत आधी मोबाइल, मग चहा. आलेल्या प्रत्येक मेलला उत्तर द्यायचं: माप काय, जाडी किती, माल कधी निघेल. नऊ वर्षांत एकही मेल दुसऱ्या दिवसावर गेला नाही. सात वाजता तो भोसरीच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर उभा असायचा. शेजारच्या प्रेसवर मी. पट्टी सरकवायची, पायडल मारायचं, वॉशर पडायचा. पाळीला नऊ हजार ठोके.

शेड हिंदुरावांची. वेबसाइट काढा म्हणून गिऱ्हाइकं मागे लागली तेव्हा ते वैतागले. "तुझ्याच मोबाइलवरनं घे काय नाव घ्यायचं ते. मला त्यातलं विचारू नको." बुद्धरत्नने दोन रविवारच्या ओव्हरटाइमचे पैसे घालून वेबसाइटचं नाव स्वतःच्या नावावर घेतलं. निवडलं मात्र नीट. चार प्रेस ठोकत असताना तो दाराशी उभा राहून एकेक नाव ओरडला, आतल्या टोकाला मी ते कागदावर लिहिलं. मधे रेघ असलेलं, आकडा असलेलं, लांबलचक, सगळी चुकली. भोसरीवॉशर डॉट कॉम मी पहिल्या हाकेत बरोबर लिहिलं. फोनवर सांगायला असं नाव लागतं. पुढे ते प्रत्येक खोक्यावर छापलं गेलं.

हिंदुराव वारले आणि पुतण्या रणधीर आला. पहिल्याच आठवड्यात त्याने पॅकिंगच्या सोपानरावांना कानाखाली मारली. चहाला पाच मिनिटं जास्त घेतली, एवढंच कारण.

शेड विकून आम्हा सातही जणांना काढायचं त्याने ठरवलं होतं. चाकणचा एक व्यापारी म्हणाला, मशीनं जुनी आहेत, पण नाव द्या, मग घेतो. तेव्हा रणधीरला कळलं की नाव त्याचं नाही. त्याने मधे रेघ टाकून तसलंच दुसरं घेतलं. दोन महिन्यांत एक मेल आला, तोही जाहिरातीचा.

मग त्याने बुद्धरत्नची मोटारसायकल रॉडने फोडली. दुसऱ्या दिवशी बुद्धरत्न बसने आला. मग रणधीरच्या चार माणसांनी त्याला शेडच्या दारात लाथांनी तुडवलं. दोन बरगड्या मोडल्या. बाराव्या दिवशी तो छातीला पट्टा बांधून प्रेसवर उभा राहिला. पाळीला आठ हजार काढले.

"देऊन टाक ना राव," मी म्हणालो.

"नाव गेलं की आपण सातजण कंत्राटदाराच्या दारात. नाव असलं तर भाड्याच्या प्रेसवरही ऑर्डर येते."

त्याच आठवड्यात, दुपारी तीनला पाळी सुटताना, बाकीचे पाचजण बाहेर पडले होते तेव्हा, रणधीर त्याच चौघांना घेऊन आला. दोघांनी मला भिंतीला दाबलं. तिसऱ्याने बुद्धरत्नचे केस धरून त्याचं डोकं प्रेसच्या अंगावर आपटलं. भुवई फुटली.

"एवढं काय हाय रं त्या नावात?" रणधीरने विचारलं.

"शेठ, राजकोट, होसूर, रुद्रपूर, सगळीकडच्या स्टोअरमध्ये आपली खोकी आहेत. वॉशर संपले की स्टोअरवाला खोक्यावरचं वाचतो आणि मेल करतो. त्याला तुम्ही माहीत नाही, मीही नाही. नाव माहीत आहे. नऊ वर्षं त्या नावावरून रोज उत्तर गेलंय."

"खोकी काकाची. म्हंजी नाव आमचंच."

"मग खोकी घेऊन जा."

रणधीरने त्याच्या तोंडावर बुक्की मारली. नाव बदली करायचा अर्ज त्याच्या माणसाने आधीच टाकला होता. फक्त बुद्धरत्नच्या मोबाइलवर येणारा ओटीपी हवा होता. रणधीरने प्रेसच्या मोटारीचं बटण बंद केलं, बुद्धरत्नचं उजवं मनगट धरलं आणि पंजा डायवर, ठोका बसतो त्या साच्यावर, दाबला. चौथ्याने भीती घालायला पायडलवर पाय ठेवला.

"ओटीपी सांग."

"चाक फिरतंय," बुद्धरत्न म्हणाला. "पाय काढायला सांगा."

"मोटार बंद हाय. मला शिकवतो?"

मीही ओरडलो. मोटार बंद केली तरी प्रेसचं जड चाक मिनिट-दीड मिनिट फिरत राहतं आणि तेवढ्यात पायडल दाबलं तर पूर्ण ठोका बसतो. प्रेसवर काम केलेला माणूस हे पहिल्या दिवशी शिकतो. त्यांच्यातला एकही कधी प्रेसवर उभा राहिला नव्हता.

"हाण रं, नुसतं भ्या दाखव," रणधीर म्हणाला.

पाय पडला. ठोका बसला.

बुद्धरत्नची दोन बोटं गेली. त्याचा पंजा दाबून धरलेल्या रणधीरची तीन. रणधीर किंचाळत गुडघ्यावर बसला. बुद्धरत्नने डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं. डायवरून रक्त वॉशरच्या ट्रेमध्ये गळत होतं. त्याचा मोबाइल जमिनीवर पडला होता आणि पडद्यावर ओटीपीचे सहा आकडे होते. चौघे रणधीरला उचलून पळाले. मोबाइल कोणी पाहिला नाही.

बोटं मी पिशवीत घालून नेली. जोडली गेली नाहीत. केस कोर्टात आहे. साक्ष मी दिली. रणधीरने शेड भंगाराच्या भावात विकली.

आम्ही सातजण आता त्याच गल्लीत दोन भाड्याच्या प्रेसवर मिळून काम करतो. माझं वय झालं, मी फक्त डायला धार लावून देतो. बुद्धरत्नला प्रेस जमत नाही. त्याने हेल्परच्या पगारावर आठ महिने डाव्या हाताने खोकी भरली. दिवसाला आधी साठ खोकी, नंतर दोनशे दहा. त्या पगारातून त्याने भोसरीवॉशर या नावाची पुढच्या दहा वर्षांची फी भरली. त्याहून जास्त एकदम भरून घेत नाहीत.