भट्टी गार होईपर्यंत

आमच्या भट्टीच्या नळीत काजळी साचायची ना, तसे किस्से साचतात. आज खरवडून काढा, उद्या पुन्हा तेवढेच!

अंबरनाथला शिवमंदिराच्या पलीकडे एका कारखान्याची छोटी लॅब होती. माणसं तीनच. जोशीसाहेब, भट्टी सांभाळणारा वांगणीचा शांताराम, आणि झाडलोट-चहा करणारी मी. घरी, बदलापूर गावात, मला बोलायला फक्त भिंती. म्हणून मी सगळ्यांच्या आधी यायचे आणि उगाच रेंगाळून शेवटी निघायचे.

साहेबांचा एक कडक नियम होता. तापलेल्या काजळीला हवा लागली तर ती पेटते, म्हणून भट्टी पार गार होईपर्यंत तिला एकटं सोडून कुणी जायचं नाही. मला हा नियम फार आवडायचा!

* * *

साहेब नळीत निकेलची पूड भरत, वरून मिथेन गॅस सोडत. एकदा मला समजावून सांगत होते, "मावशी, यातला हायड्रोजन सुटून निघून जातो. काळं तेवढं मागे राहतं."

"म्हणजे माझ्या घरासारखंच की! पोरं गेली उडून, मी राहिले!"

शांताराम खो खो हसला. साहेब नाही हसले.

* * *

दसऱ्याला शांतारामने चालू भट्टीच्या तोंडालाच झेंडूचा हार घातला. कुंकू घ्यायला वळला, तोवर हाराचा कोळसा!

साहेब म्हणाले, "वा! हा कार्बन तर बिनगॅसचाच मिळाला!"

* * *

एकदा साहेबांनी नळीतून सुटणारा हायड्रोजन पेटवून वर गार स्टीलचा पेला धरला. पेल्याला पाण्याचे थेंब!

"साहेब, ही नळी आमच्या वांगणीला बसवा," शांताराम म्हणाला, "तिथल्या नळाला नुसती हवा येते!"

* * *

कारखान्याचे सिंधी शेठ एकच विचारायचे, "साईं, ये काला माल लेगा कौन?" गिऱ्हाईक मिळालं नाही तर लॅब बंद.

शांतारामने उल्हासनगरच्या एका चपलावाल्याकडून आमची काजळी घातलेल्या रबरी चपला बनवून आणल्या. शेठ खूश! पांढऱ्या मोज्यांवरच चढवून केबिनपर्यंत फिरून आले. चपला काढल्या, तर मोजे काळेकुट्ट!

"बंद करो, साईं!"

* * *

शेवटच्या दिवशी साहेबांनी भट्टी विझवली. आम्ही तिघं स्टुलं ओढून तिच्यापाशी बसलो. दुपार कलली. शांतारामने नळीवर हात ठेवला.

"गार झाली, साहेब."

साहेबांनी हात लावला. बराच वेळ तसाच ठेवला.

"नाही रे. कोमट लागतेय अजून."

मग मी हात लावला. देवळातल्या फरशीसारखी थंड!

"अगं बाई, चटका बसला की!" म्हणत मी हात झटकला, आणि पुन्हा चहाचं आधण ठेवलं.